वजनाचा काटा आणि आपले ताट



बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यात सिरसाळा हे मोठे गाव आहे. परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. आसपासच्या खेड्यांतील माणसे येथे बाजारहाटाला येतात. अशा गावात दिवसभरात किती वस्तू काट्यावर चढत असतील याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? ज्वारी, तूर आणि कापूस यांचे वजन होते. भाजी आणि किराणा मोजून घेतला जातो. भागातल्या उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर आधी भरलेली मोजतात, मग रिकामी मोजतात आणि वजाबाकी करून उसाचे वजन काढतात. आणि एखाद्या दिवशी शाळेत आरोग्य तपासणी होते, तेव्हा मुलामुलींनाही रांगेने काट्यावर उभे राहावे लागते.

ज्वारीच्या पोत्याचे वजन कळले की व्यवहारापुरते बरेच काही कळते. पोत्यात ज्वारीच असते. पण आपल्या शरीरात एकच जिन्नस नाही. तरीही काट्यावरचा आकडा वर्गात मोठ्याने वाचला गेला की कोणी हसतो, कोणी खाली मान घालतो. दुसऱ्या दिवसापासून एखादी मुलगी सकाळची भाकरी सोडते, तर एखादा मुलगा बळेच दोन भाकरी जास्त खाऊ लागतो. एका आकड्यावरून आपण अन्नाशी असे वाकडेपण धरावे, एवढे त्या आकड्याला कळते का? या पाठात आपण हेच तपासून पाहणार आहोत.

वजन नेमके कशाचे?

भौतिकशास्त्राच्या तासाला तुम्ही शिकला आहात की, किलोग्रॅममध्ये आपण मोजतो ते वस्तुमान. रोजच्या बोलण्यात आपण त्याला वजन म्हणतो, म्हणून येथेही तोच शब्द वापरू. हे वजन कशाकशाचे असते? प्रौढ माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक, साधारणपणे ६० टक्के, पाणी असते. ते रक्तात, स्नायूंत, प्रत्येक पेशीत भरलेले असते. त्याशिवाय हाडे, स्नायूंतील प्रथिने, चरबी, आतड्यांतील अन्न आणि मूत्राशयातील मूत्र हे सगळे त्या एका आकड्यात मिसळलेले असते. काटा त्यांची बेरीज सांगतो, पण वेगवेगळा हिशेब देत नाही.

या बेरजेतील पाणी रोज कमीजास्त होते. उन्हात शेतात काम केले की घामावाटे पाणी जाते. जेवण झाले, तांब्याभर पाणी प्यायले की वजन लगेच वाढते. सकाळच्या आणि रात्रीच्या वजनात एक किलोग्रॅमचा फरक पडणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. त्या काळात माणूस ना जाड झालेला असतो ना बारीक.

आता दोन दिवसांच्या कडक उपासाचे उदाहरण घेऊ. उपासानंतर एखाद्याचे वजन दोन किलोग्रॅम घटले आणि त्याला वाटले, दोन किलो चरबी गेली. हे गणित तपासून पाहू. एक किलोग्रॅम शरीरचरबीत सुमारे ७,७०० कॅलरी ऊर्जा साठवलेली असते. (आहारशास्त्रात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते.) तुमच्या वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे २,४०० कॅलरी लागतात. म्हणजे तिने अन्नाचा कणही घेतला नाही आणि सर्व ऊर्जा चरबीतूनच आली असे मानले, तरी एक किलो चरबी खर्च व्हायला तीन दिवसांहून अधिक काळ लागेल. मग दोन दिवसांत घटलेले दोन किलो कुठले?

याचे उत्तर यकृतात आणि स्नायूंत आहे. आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांपैकी काही भाग तेथे ग्लायकोजेन या रूपात साठवला जातो. मोठ्या माणसात हा साठा ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपासात हा साठा आधी खर्च होतो आणि त्याबरोबरचे पाणीही निघून जाते. त्या घटीत थोडी चरबी असते, काही स्नायूंतील प्रथिनेही असतात, पण मोठा वाटा पाण्याचा असतो. दोन वेळा नीट जेवले की साठा पुन्हा भरतो आणि काटा पूर्वीच्या जागी येतो. यात कोणाचा निश्चय कमी पडला असे काही नसते.

दोन डॉक्टर, एक आकडा

उंच माणसाचे वजन बुटक्या माणसापेक्षा साहजिकच अधिक असते. मग तुलना कशी करायची? बेल्जियममधील गणिती अडॉल्फ केटले याने १८३२ मध्ये यावर एक तोड सुचवली. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज याने या भागाकाराला जे नाव दिले, त्याचे मराठी रूप शरीर वस्तुमान निर्देशांक. दवाखान्यात त्यालाच बीएमआय म्हणतात.

समजा, उंची १.५० मीटर आणि वजन ४५ किलोग्रॅम आहे. १.५० चा वर्ग २.२५. ४५ ला २.२५ ने भागले की निर्देशांक २० येतो. मोठ्या माणसांत १८.५ च्या खाली निर्देशांक असला तर वजन कमी समजतात. २५ च्या वर गेला तर अधिक समजतात. भारतीयांसारख्या आशियाई लोकांत २३ पासूनच सावध राहावे, असा सल्ला देतात. तो का, हे पुढच्या उदाहरणावरून कळेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे मधुमेहावर काम करणारे दोन संशोधक. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचीच मापे छापली. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. उंची आणि वजन यांचे गणित दोघांना एकाच ओळीत बसवत होते आणि आतली रचना मात्र निराळी होती. दोघांच्या आडनावांचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्यामुळे हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखले जाते.

असे का व्हावे, याचा माग डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत काढला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांच्या आहाराचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलोग्रॅम होते. आपली बाळे हलकी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते. परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. दिसायला बारीक, पण स्नायूंच्या मानाने चरबी अधिक, अशी ही घडण होती. अशा घडणीच्या माणसाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणूनच आपल्यासाठी सावधगिरीची रेघ २३ वर आणली आहे.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार असे, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी बाळाच्या आकाराचा तसा संबंध दिसला नाही. पोट किती भरले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पोटात काय गेले याला महत्त्व आहे.

वाढीचे वय

वर सांगितलेले १८.५, २३ आणि २५ हे आकडे मोठ्या माणसांसाठी आहेत. ते तुम्ही स्वतःला लावू नयेत. तुमचे वय वाढीचे आहे. मुलींची झपाट्याची वाढ साधारण १० ते १३ या वर्षांत होते, मुलांची १२ ते १५ या वर्षांत. ऐन भरात एका वर्षात ७ ते ९ सेंटिमीटर उंची वाढू शकते. या काळात हाडे लांब होतात, मुलांचे स्नायू वाढतात, मुलींच्या शरीरात नैसर्गिकरीत्या थोडी चरबी साठते. ती आवश्यक असते. वजन वाढणे हेच या वयाचे काम आहे. गेल्या वर्षीपेक्षा पाच किलो वजन वाढले म्हणून घाबरणारी मुलगी खरे तर वेळेवर वाढत असते.

शिवाय एकाच वर्गातील सर्वांची वाढ एकाच वेळी सुरू होत नाही. नववीत सर्वांत बुटका दिसणारा मुलगा अकरावीत सर्वांच्या वर निघतो. त्यामुळे शेजारच्या बाकावरील मित्राच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नसतो. डॉक्टर त्यासाठी वयानुसार केलेले वाढीचे तक्ते वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १९ वर्षांसाठी २००७ मध्ये, तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांसाठी २०१५ मध्ये असे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दर सहा महिन्यांनी नोंदवलेल्या बिंदूंची रेषा कशी चालली आहे ते पाहतात. रेषा आपल्या वाटेने वर जात असेल तर काळजी नको. ती अचानक खाली वळली किंवा एकदम वर उसळली तर कारण शोधायचे.

काट्याला मुळीच न दिसणारी एक गोष्ट म्हणजे रक्तातील लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, आढळला. अशी मुलगी बारीक असेल किंवा जाड असेल, काटा काहीच बोलणार नाही. पण जिना चढताना तिला धाप लागेल, वर्गात लक्ष लागणार नाही, खेळताना ती लवकर थकेल. तिला हवी ती रक्ताची तपासणी. आणि लोह असलेला आहारही हवा.

भाकरीच्या ताटाचा हिशेब

आता सिरसाळ्याच्या परिसरातील एक साधे ताट घेऊ. दोन ज्वारीच्या भाकरी, तुरीचे वरण, एक पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी. हे ताट गरिबाचे म्हणून काही मुले डब्यात आणायला लाजतात. आपण त्याचा हिशेब मांडू.

एका मध्यम भाकरीला ७५ ग्रॅम पीठ धरले, तर दोन भाकरींना १५० ग्रॅम लागते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ कॅलरी, १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे दोन भाकरींतून ५०० कॅलरी आणि १५ ग्रॅम प्रथिने मिळाली. वरणात ३० ग्रॅम डाळ असेल तर १०० कॅलरी आणि ६ ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने. चटणीत २० ग्रॅम शेंगदाणे असतील तर १०० कॅलरी आणि जवळजवळ ५ ग्रॅम प्रथिने. भाजी आणि फोडणीचे तेल यांचे १०० कॅलरी धरू. बेरीज झाली सुमारे ८०० कॅलरी आणि २६ ते २८ ग्रॅम प्रथिने.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलेल्या प्रमाणानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला २,४०० कॅलरी आणि ४३ ग्रॅम प्रथिने लागतात, मुलाला २,८६० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. या एका ताटाने मुलीच्या ऊर्जेची एक तृतीयांश आणि प्रथिनांची निम्म्याहून अधिक गरज भागवली.

त्यातही आणखी एक मेख आहे. प्रथिने ही ॲमिनो आम्लांची साखळी असते. ज्वारीत लायसिन नावाचे ॲमिनो आम्ल कमी असते, तुरीत ते भरपूर असते. डाळीत जे कमी पडते ते धान्यातून मिळते. म्हणून भाकरी आणि वरण एकत्र खाल्ले की दोघांची उणीव भरून निघते. आपल्या पणजीला लायसिन ठाऊक नव्हते, पण जोडी तिने बरोबर जुळवली होती.

लोहाचा हिशेब मात्र अवघड आहे. या वयात मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि मुलाला २२ मिलिग्रॅम लोह लागते. दोन भाकरींतून ६ मिलिग्रॅम मिळते आणि धान्यातील लोहापैकी थोडाच भाग शरीरात शोषला जातो. येथे पालेभाजी, डाळी, शेंगदाणे कामी येतात. त्यावर लिंबू पिळले किंवा जेवणाबरोबर पेरू, आवळा खाल्ला, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेतला तर उलट होते. तेव्हा चहा तासाभराने घ्यावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी शक्ती’ नावाचे ज्वारीचे वाण काढले आहे. नेहमीच्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त अधिक असते. मराठवाड्याच्या अन्नाचा प्रश्न मराठवाड्याच्याच धान्यातून सोडवण्याचा हा प्रयत्न आहे.

या ताटात दूध, ताक किंवा अंडे नाही, फळही नाही. ज्याला शक्य असेल त्याने ते जोडावे. फळ म्हणजे सफरचंदच हवे असे नाही. बोरे, पेरू, सीताफळ ही आपलीच फळे. बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पुडा आणि बाटली

शाळेबाहेरच्या दुकानात बिस्किटांचे पुडे, कुरकुरीत खाऊ आणि थंड पेयांच्या बाटल्या टांगलेल्या किंवा मांडलेल्या असतात. हे विष आहे असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. वाढदिवसाला खाल्लेल्या बिस्किटाने कोणी आजारी पडत नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. १०० ग्रॅम साध्या बिस्किटांत साधारण ४५० कॅलरी असतात, म्हणजे तेवढ्याच ज्वारीच्या पिठाहून अधिक. पण तंतू आणि प्रथिने कमी असतात. पुडा चघळायला पाच मिनिटे लागत नाहीत, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच तो संपतो. सकाळी चहाबिस्किटावर भागवणाऱ्या मुलाला दहा वाजता पुन्हा भूक लागते ती याचमुळे.

थंड पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरच्या बाटलीत ती २७ ग्रॅमांच्या आसपास होते, म्हणजे पाच चमच्यांहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असल्यास अधिक चांगले. २,००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम साखर. एका बाटलीने त्यातील निम्मी संपते आणि दिवसभराचा चहा अजून बाकीच असतो.

भूक कशी लागते, पोट कसे भरते?

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक लहान भाग आहे. शरीराचे तापमान, तहान आणि भूक यांवर त्याची नजर असते. त्याला निरोप कोण पोचवते? जठर रिकामे झाले की त्यातून घ्रेलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते आणि भूक लागते. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याचा शोध लावला. आपण रोज ज्या वेळी जेवतो त्या वेळेच्या थोडे आधी घ्रेलिन वाढते. म्हणून मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच पोटात कावळे ओरडू लागतात. उलट दिशेचा निरोप चरबीच्या पेशी पाठवतात. त्यांच्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध १९९४ मध्ये अमेरिकेत लागला. साठा पुरेसा आहे असे लेप्टिन मेंदूला कळवते. शिवाय जेवताना जठर ताणले जाते, आतड्यांतून आणखी काही संप्रेरके निघतात आणि ‘पुरे’ असा निरोप मेंदूकडे जातो. हा निरोप पोचायला सुमारे १५ ते २० मिनिटे लागतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, घाईघाईने किंवा मोबाईल पाहत जेवणारा माणूस ‘पुरे’ हा निरोप येण्याआधीच जास्त खाऊन बसतो. दुसरी, भूक हा दुर्गुण नाही. तहान लागली तर आपण स्वतःला हावरट म्हणत नाही. मग भूक लागली म्हणून का म्हणावे?

उपाशी शरीर काय करते?

बीएमआयचे नाव देणाऱ्या अँसेल कीज याने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग केला. युद्धामुळे युरोपात उपासमार होत होती. अशा माणसांना पुन्हा कसे सावरावे हे जाणून घ्यायचे होते. शरीराने आणि मनाने निरोगी असे ३६ तरुण स्वतःहून पुढे आले. १९४५ मध्ये सुमारे सहा महिने त्यांना नेहमीच्या निम्म्याच कॅलरी देण्यात आल्या. त्यांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटले. पण बदल वजनापुरते थांबले नाहीत. नाडी मंदावली, अंगात सतत थंडी भरू लागली, चिडचिड वाढली, अभ्यासात आणि गप्पांत रस उरला नाही. दिवसरात्र अन्नाचेच विचार येत. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत, समोरचे ताट तासन् तास पुरवून खात. प्रयोग संपल्यावर पोट भरले तरी समाधान होत नव्हते आणि कित्येकांना मूळपदावर यायला अनेक महिने लागले.

बारीक होण्यासाठी जेवण सोडणाऱ्या मुलामुलींना हा प्रयोग ठाऊक असायला हवा. दिवसभर उपाशी राहून रात्री जे हाताला लागेल ते खाल्ले जाते, मग पश्चात्ताप होतो, मग पुन्हा उपास. या चक्रात अडकलेल्याला आपले मन कमकुवत वाटते. प्रत्यक्षात त्याचे शरीर उपासमारीशी झगडत असते. वाढीच्या वयात याची किंमत उंची, हाडे आणि रक्त यांना मोजावी लागते. मुलींची पाळी अनियमित होऊ शकते किंवा थांबू शकते.

ताटाभोवतीची माणसे

बीड जिल्ह्यात भूक नेहमीच निवडीची नव्हती. १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर एका वेळी ५० लाखांच्या आसपास माणसे राबत होती. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांच्या आठवणी गावोगावच्या वृद्धांकडून तुम्हाला अजूनही ऐकायला मिळतील. ज्या पिढीने ते दिवस पाहिले ती ताटात घास टाकू देत नाही, यात नवल नाही. त्या आदराचे आपण जतन करावे. पण त्यासाठी पोट भरलेल्या मुलाला बळे भरवण्याची गरज नाही. आधी थोडे वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा घ्यावे. यात अन्नही वाया जात नाही आणि ‘पुरे’ या निरोपाचाही मान राहतो.

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेरगावी जातात. साखर आपल्या ताटात येते ती त्यांच्या कष्टांतून. फडावरच्या खोपीत पालेभाजी, दूध, फळ मिळणे कठीण असते आणि बरोबर गेलेल्या मुलांची शाळाही सुटते. शाळेबरोबर शाळेतील जेवणही जाते. आठवीपर्यंतच्या मुलांना मिळणाऱ्या या जेवणात सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरवलेले आहे. वर्गातील एखादी मुलगी चार महिन्यांनी वाळून परत आली, तर तिच्या अंगावर शेरा मारण्याआधी हे आठवावे.

पुष्कळ घरांत आई आणि मुली शेवटी जेवतात. तोपर्यंत वरण पातळ झालेले असते आणि भाजी संपलेली असते. लोहाची गरज मात्र मुलींना मुलांपेक्षा अधिक असते, हे आपण वर पाहिले. सर्वांनी एकत्र बसून जेवले आणि भाजी-वरण आधीच सारखे वाटून घेतले, तर पैशाचाही खर्च न करता घरातील पोषण सुधारते. हे काम मुलगेही सुरू करू शकतात.

शिक्षकांना एक विनंती. वजन घेताना आकडा मोठ्याने वाचू नये, तो वहीत लिहावा आणि ज्याचा त्यालाच सांगावा. ‘हडकुळा’, ‘जाड्या’ अशी नावे वर्गात चालू देऊ नयेत. कोणी वारंवार डबा टाळत असेल, जेवण लपवून टाकत असेल, जेवल्यावर मुद्दाम उलटी करत असेल किंवा चक्कर येऊन पडत असेल, तर त्याला न रागावता पालकांशी बोलावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. खाण्याचे असे आजार असतात आणि ते उपचारांनी बरे होऊ शकतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. काटा खोटे बोलत नाही, पण तो फार थोडे बोलतो. आपली प्रकृती पाहायची असेल तर त्याच्या जोडीने आणखी काही प्रश्न विचारावेत. उंची वाढते आहे का? खेळताना दम टिकतो का? झोप नीट लागते का? रक्तातील लोह पुरेसे आहे का? भूक वेळेवर लागते आणि जेवल्यावर समाधान होते का? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी असतील आणि वाढीची रेषा आपल्या वाटेने चालली असेल, तर वर्गातल्या कोणाच्या आकड्याची आपल्याला भीती बाळगण्याचे कारण नाही.

करून पाहा

१. १०० ग्रॅम कोरडी मटकी मोजून घ्या. रात्रभर भिजवा, पाणी निथळून पुन्हा वजन करा. वजन किती पट झाले? वाढलेले वजन कशाचे? मटकीतील ऊर्जा तितकी वाढली का?

२. पेल्यातील पाण्यात चमचाभर गोडेतेल टाका. ते तरंगते. चरबीची घनता सुमारे ०.९ आणि स्नायूंची सुमारे १.०६ असते. समान वजनाच्या चरबीला आणि स्नायूंना सारखीच जागा लागेल का? आकडेमोड करून सांगा.

३. घरातील एका भाकरीला किती पीठ लागते ते मोजा आणि वरील हिशेब आपल्या ताटासाठी पुन्हा मांडा.

४. एक आठवडा प्रत्येक जेवणाआधी आणि नंतर वहीत लिहा: फार भूक, थोडी भूक, पोट भरले, फार झाले. वजन लिहू नका. आठवड्याअखेर पाहा, कोणत्या वेळी तुम्ही भूक नसताना खाल्ले आणि कोणत्या वेळी भूक असून खाल्ले नाही.

प्रश्न

१. दोन दिवसांच्या उपासानंतर घटलेले वजन लवकर भरून का येते?

२. दोन व्यक्तींचा बीएमआय सारखा असूनही त्यांच्या शरीराची रचना वेगळी कशी असू शकते?

३. भाकरी आणि वरण एकत्र खाण्याचा फायदा कोणता?

४. जेवणाबरोबर लिंबू आणि जेवणाला लागून चहा, यांचा लोहावर काय परिणाम होतो?

५. मोठ्या माणसांसाठी ठरवलेले बीएमआयचे आकडे शाळेतील मुलांना का लावू नयेत?